‘दुकान माया हातानं कसं बंद करू जी?’

दूध संस्था असो, बचत गटांचा संघ असो की शेतकरी कंपनी, गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांतून येणारे संस्थापक मला एकच विचारतात: आम्ही उभं केलेलं मोडत चाललंय, आमचं काय चुकलं? झोप उडालेली, छाती जड, घरात बोलणं बंद. त्यातल्या एका भाऊंची गोष्ट ओळख बदलून सांगते.

त्यांच्या शेतकरी कंपनीनं धान खरेदी सुरू केली, पुढे कृषी केंद्र, म्हणजे बी-खताचं दुकान, काढलं. आता केंद्र तोट्यात होतं आणि जुने संचालक बैठकीला फिरकत नव्हते. सगळ्या वह्या भाऊंच्या घरी.

"राती दोनले उठून हिशेब पायतो, मॅडम. पोट्टे म्हणतात दुकान बंद करा. माया हातानं कसं बंद करू जी?"

पहिल्या भेटींत मी उपाय सुचवलाच नाही. दुःख बोलून झाल्याशिवाय सल्ला आत उतरत नाही, हे माझं ठाम मत आहे. मग एकदा तेंदूपत्त्याचा विषय निघाला.

"भाऊ, चांगलं पान कशाचं?"

"नव्या फुटव्याचं. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चात झुडूप बुडाशी छाटा लागते."

"नाही छाटलं तर?"

"पान जाड होते. पान घ्याच्या फळीवर कोणी घेत नाई."

"छाटताना मुळी तोडता?"

"मुळी काहून तोडू?" पावतीपुस्तकाचं रबर ते बोटाला गुंडाळत होते, ते थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दुकान फांदी हाय, मॅडम. आमचा वजनकाटा खरा हाय, म्हून लोकं धान आणतात. मुळी थे हाय."

हे त्यांनी स्वतः शोधलं, याचं मला फार समाधान आहे. माणसाला त्याच्या भोवतालापासून सुटं काढून मी बघत नाही. कॅनडाचे परिसरशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी जंगलाचं चक्र मांडलं: वाढ, साठवण, विखरणं, पुन्हा जुळणी. पूर्व कॅनडात झाडांची पानं खाणारी अळी मारायला वर्षानुवर्षं फवारणी झाली. जुनी झाडं वाचली, पण त्यांच्याबरोबर अळीचं खाद्यही शाबूत राहिलं. आपले संस्थापक साठवणीच्या टप्प्यावर असेच अडकतात. विखरणं त्यांना स्वतःचा मृत्यू वाटतं.

म्हणून आधी एवढं विचारा: उद्या कुलूप लागलं, तर गाव काय मागायला दारात येईल? ते जपा. बाकीचं सोडताना ते चालवणाऱ्यांचा सर्वांसमक्ष मान करा. वह्या तरुणांच्या हाती तुम्ही धडधाकट असतानाच द्या, म्हणजे अडलं तर विचारता येतं. भाऊंनी खरीप आटोपल्यावर कृषी केंद्र बंद केलं आणि खरेदीच्या वह्या दोन पोरांकडे सोपवल्या.

पैशाची अफरातफर मात्र या चक्रात बसवू नका. तिथे लेखापरीक्षकच लागतो. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर संस्थेचा विचार बाजूला ठेवा आणि आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा.