रात्रीचा दवाखाना

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत काम करतो. गेल्या महिन्यात चार वर्षांच्या मुलीला रात्री अकरा वाजता तापाने फणफणलेल्या अवस्थेत एका खासगी दवाखान्यात नेले, तेव्हा ‘दिवसभर काय करत होता?’ असे डॉक्टरांनी सर्वांसमोर सुनावले. दुपारी औषध दिल्यावर ती सायंकाळी अंगणात खेळत होती. आमचे चुकले का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपले चुकले नाही. निरोगी माणसाच्याही शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि सायंकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असते, त्यामुळे दिवसा कणकण वाटणारा ताप दिवेलागणीनंतर चढतो. त्यातच दुपारी दिलेल्या पॅरासिटॅमॉलचा अंमल ४ ते ६ तासांत ओसरतो आणि सायंकाळी खेळणारे मूल रात्री डोळे उघडत नाही. दमेकऱ्याची धाप पहाटे बळावते. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाच्या पायांत साचलेले पाणी तो आडवा होताच रक्तात परतते, फुप्फुसांवर ताण येतो आणि तो मध्यरात्री दचकून उठून बसतो.

दुसरे कारण पोटापाण्याचे आहे. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्याची वेळ सकाळची, म्हणजे नेमकी पहिल्या पाळीची. रोजंदारीवरच्या माणसाला त्यासाठी खाडा करावा लागतो. घरातील बाई धारा काढून, डेअरीला दूध घालून, सर्वांची जेवणे उरकल्यावरच स्वतःचे दुखणे बोलून दाखवते, आणि तोवर नऊ वाजलेले असतात. (रात्री दाराची घंटा वाजली की मीही पूर्वी कपाळाला आठ्या घालत असे, हे कबूल केले पाहिजे.)

मला खरी काळजी वाटते ती रात्री न येणाऱ्यांची. छातीतली कळ तांबड्या रश्श्यावर ढकलून, सोडा पिऊन, ‘सकाळी बघू’ म्हणत झोपलेले एक गृहस्थ उजाडता उजाडता माझ्याकडे आले, तेव्हा हृदयाच्या स्नायूचे बरेच नुकसान होऊन गेले होते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, झटके, सर्पदंश, धाप आणि ३ महिन्यांच्या आतील बाळाचा ताप यांसाठी घड्याळ पाहू नये. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो आणि १०८ ची रुग्णवाहिका विनामूल्य येते.

आपल्या मुलीपुरते सांगायचे, तर ताप किती वाजता किती होता, औषध केव्हा आणि किती दिले, लघवी शेवटची केव्हा झाली, हे एका कागदावर लिहीत जावे. ‘दिवसभर काय करत होता?’ असे पुन्हा कोणी विचारले, तर तो कागद पुढे करावा. मुलीला तपासणाऱ्यालाही त्याच माहितीची गरज असते.