पावसाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर खरखरतो आणि डावा स्पीकर मधूनच बंद पडतो. सर्व जोडण्या पॉलिश पेपरने घासाव्यात का?

पॉलिश पेपर कृपया वापरू नका. पिनांवरील सोन्याचा किंवा निकेलचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो निघाला की खालचे पितळ उघडे पडते आणि लवकर काळवंडते.

साफसफाईपूर्वी दोष कोठे आहे ते पाहावे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या इनपुटमधील डावी आणि उजवी आरसीए पिन (प्लेअरकडून येणाऱ्या केबलचे गोल टोक) एकमेकींच्या जागी लावा. आता उजवा स्पीकर बंद पडू लागला, तर दोष त्या केबलमध्ये किंवा प्लेअरमध्ये आहे. डावाच पडत राहिला, तर अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरची वायर किंवा स्पीकर तपासावा.

त्यानंतर मुख्य प्लग काढून ठेवा. मी सांगलीत राहतो आणि कृष्णेचे पाणी चढते त्या दिवसांतील दमट हवेत तांबे किती लवकर काळे पडते हे दरवर्षी पाहतो. तरीही माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी पिन सॉकेटमध्ये नुसती फिरवत काही वेळा आत-बाहेर केल्याने मिटतात, कारण धातूवर धातू घासला गेला की वरचा थर आपोआप निघतो. एवढ्याने भागले नाही, तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. औषधाच्या दुकानातील 70 टक्क्यांच्या द्रवात पाणी बरेच असते, म्हणून तो टाळावा. पिनेची बाहेरची कडी सैल असेल, तर ती पकडीने अगदी हलकेच आवळावी; घरघर पुष्कळदा तेथूनच येते.

स्पीकरच्या वायरचे काळे किंवा हिरवे पडलेले टोक पुसत बसण्यापेक्षा कापून टाकावे आणि साधारण एक सेंटीमीटर नवे तांबे सोलून घट्ट पिळावे. त्यावर कथील चढवू नये, कारण स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकते आणि जोडणी पुन्हा सैल होते. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. त्याने अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल, तर दोष त्या बटणाच्या आतील कार्बनच्या पट्टीवर असतो, त्यामुळे बाहेरून पुसून उपयोग होत नाही. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवून पाहावे. तरीही खरखर राहिली, तर पोटेन्शिओमीटरसाठीच (म्हणजे अशा फिरत्या बटणाच्या आतील भागासाठीच) असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर आत फवारावा लागतो, आणि खोका उघडल्यावर कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही विद्युतभार शिल्लक असू शकतो, म्हणून हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. गंज सोडवण्याचे तेलकट फवारे येथे नकोत. त्यांच्या थरावर धूळ बसते.

आणखी एक लक्षण आवर्जून पाहा. हळू आवाजात डावा स्पीकर गप्प राहतो आणि आवाज मोठा करताच अचानक बोलू लागतो असे होत असेल, तर बाहेरच्या जोडण्यांपेक्षा आतील रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा) संशय अधिक येतो. तसे ठरल्यास तो घासून न घेता नवा बसवून घ्यावा.