जपानी गाडी एमओटीत (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहनतपासणीत) कुठे अडते?

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. थेट जपानहून आलेली १९९८ची सुबारू इम्प्रेझा घेतोय. आधीच्या मालकाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढून सरळ पाइप टाकलाय, शिवाय कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बर) आणि हॅलोजनच्या हेडलाइटांत एचआयडी (वायूतून वीज सोडून पेटणारे प्रखर) बल्ब बसवलेत. एमओटी पास होईल का?

उत्तर : या अवस्थेत नाही. मूळचा कन्व्हर्टर काढलेला दिसला की तपासनीस तिथेच नापास करतो, धुराची मोजणी नंतरची गोष्ट. तो परत बसवा आणि जोडांवरची गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी चकती) नवीच घ्या. सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली, तर लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३च्या बाहेर जातो आणि कन्व्हर्टर चांगला असूनही गाडी नापास होते. इंजिनाच्या वाढवलेल्या आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) ही कमाल मर्यादा. थंड कन्व्हर्टर काम करत नाही, म्हणून केंद्रावर जाण्याआधी वीसेक मिनिटे गाडी चांगली पळवा.

एचआयडी काढून साधे हॅलोजन लावा. जपानमध्येही वाहतूक डावीकडूनच, त्यामुळे झोताची दिशा बरोबर असते. मागचा फॉग लॅम्प मात्र या गाड्यांना बहुधा नसतोच आणि ऐनवेळी तोच नडतो. लाल दिवा मध्यभागी किंवा उजवीकडे बसवा; तो चालू असल्याचं डॅशबोर्डवर कळलं पाहिजे.

कॉइलओव्हर चालतात. गाडी जॅकवर घ्या : चाक लोंबताना स्प्रिंग बैठकीतून सुटत असेल, तर हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंगला जागेवर धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग) टाका. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हेही बघा.