बॅबिलॉन बीवरच्या बातम्या खऱ्या असतात का? आणि ख्रिस्ती माणसाने आपल्याच लोकांवर असं हसावं का?

नाही, खऱ्या नसतात. बॅबिलॉन बी ही अमेरिकेतली ख्रिस्ती लोकांनी चालवलेली व्यंगात्म बातम्यांची साइट आहे. 'विश्वास ठेवता येईल अशा खोट्या बातम्या' या अर्थाचं तिचं ब्रीदवाक्यच आहे. तुम्ही लिहिलंय की प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची एक बातमी आली, सगळ्यांनी ती खरी मानली आणि तुम्हाला वाईट वाटलं. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2017 चा ऑगस्ट. अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर हार्वी वादळाच्या पुरात बुडालं होतं. तिथे लेकवुड नावाचं प्रचंड मोठं चर्च आहे. पूर्वी ते बास्केटबॉलचं स्टेडियम होतं, आता तिथे हजारो माणसं एका वेळी उपासनेला बसतात. तिथले पाळक जोएल ऑस्टीन. देव तुमची भरभराट करू इच्छितो, हा त्यांच्या शिकवणीचा मुख्य सूर. एवढी मोठी इमारत असून पूरग्रस्तांसाठी दारं लगेच उघडली नाहीत, म्हणून त्यांच्यावर खूप टीका झाली. नंतर दारं उघडली गेली. आत पाणी शिरण्याचा धोका होता, असं चर्चचं म्हणणं होतं. त्याच दिवसांत बीने मथळा दिला, की ऑस्टीन आलिशान बोटीत बसून बुडालेल्या ह्यूस्टनमधून फिरतायत आणि लोकांना स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती वाटतायत.

माझ्या मावशीने बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांशी धरून हा मथळा मोठ्याने वाचून दाखवला. फॉरवर्ड करताना कोणीतरी साइटचं नाव कापलेलं होतं. खोलीत कोणी हसलं नाही. एका काकांनी तर त्या पाळकांना सद्बुद्धी मिळावी म्हणून प्रार्थनाही केली. मी नंतर खुलासा केला तेव्हा मावशी म्हणाली, "मग खोटं छापलंच कशाला?"

तुमच्या प्रश्नाचा गाभाही हाच आहे असं मला वाटतं.

ही साइट ॲडम फोर्ड यांनी 1 मार्च 2016 ला सुरू केली. ते आधी ख्रिस्ती विषयांवर वेबकॉमिक काढायचे. नावातलं 'बॅबिलॉन' म्हणजे आपल्या मराठी पवित्र शास्त्रातलं बाबेल, जिथे यहुदी लोकांना बंदिवान करून नेलं होतं. परक्या राज्यात राहणारा विश्वासणारा माणूस, असा भाव त्यात येतो. आणि 'बी' म्हणजे मधमाशी. अमेरिकेत वर्तमानपत्राला हे नाव देण्याची जुनी रीत आहे, सॅक्रामेंटो बी तर 1857 पासून निघतं.

सुरुवातीच्या बातम्यांपैकी एक मला आजही तोंडपाठ आहे. धुराचं यंत्र बिघडल्यामुळे पवित्र आत्म्याला मंडळीत संचार करता आला नाही! आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी येताना धूर सोडतात ना, तसलं यंत्र. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या चर्चमध्ये गाण्याच्या वेळी ते स्टेजवर असतं, वर रंगीत दिवे, मोठमोठे स्पीकर. भक्ती कुठे संपते आणि कार्यक्रम कुठे सुरू होतो, हेच कळेनासं होतं. या एका ओळीने जे केलं ते तासाभराच्या संदेशानेही झालं नसतं. ते वाचून मी आमच्याच तरुण संघाच्या गाण्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. साउंड सिस्टीम बिघडली की आमचीही उपासना 'नीट झाली नाही' असं आम्ही म्हणायचो.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते यासाठी. बाहेरच्याने हीच गोष्ट लिहिली असती तर आम्ही चिडलो असतो.

ख्रिस्ती माणसाला हे शोभतं का? माझं उत्तर स्पष्ट 'हो' आहे. प्रभू येशूच्या बोलण्यात हे जागोजाग आहे. स्वतःच्या डोळ्यात मुसळ आणि निघाला भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला, हे चित्र नुसतं डोळ्यांसमोर आणून बघा. मुरकूट गाळून काढता आणि उंट गिळता, असं तो शास्त्री-परूशी यांना सुनावतो. ऐकणारे लोक नक्की हसले असणार. आणि ज्यांना तो बोलत होता, ते त्याच्याच धर्माचे, त्याच्याच लोकांचे शिक्षक होते, हे महत्त्वाचं.

माझी तक्रार आहे ती पुढच्या काळाबद्दल. 2018 मध्ये फोर्ड यांनी साइट सेथ डिलन यांना विकली. त्यानंतर चर्चवरचे विनोद मागे पडत गेले आणि अमेरिकेचं राजकारण पुढे आलं, तेही उजव्या बाजूने. गंमत अशी, की विनोद खरा मानला जाण्याचे किस्से फक्त आमच्या घरातले नाहीत. सीएनएन या वृत्तवाहिनीने बातम्या पिळायला मोठं वॉशिंग मशीन विकत घेतलं, या बीच्या बातमीची स्नोप्स या बातम्यांची खातरजमा करणाऱ्या साइटने 2018 मध्ये गंभीरपणे सत्यता तपासली आणि त्यावरून फेसबुकने बीला इशारा दिला. मग चूक झाली म्हणून फेसबुकने माफी मागितली. ऑक्टोबर 2020 मध्ये बायडन यांच्याविरुद्धच्या बातम्या रोखायला ट्विटरने सगळी सेवाच बंद केली, ही बीची थाप खुद्द ट्रम्प यांनी 'इतिहासात असं कधी झालं नाही' अशा शब्दांत पुढे पाठवली. तेव्हा मावशीला कोणी नावं ठेवू नयेत.

मार्च 2022 मध्ये बीने अमेरिकेच्या आरोग्य खात्यातल्या ट्रान्सजेंडर स्त्री अधिकारी रेचल लेव्हीन यांना 'वर्षातला सर्वोत्तम पुरुष' ठरवलं. ट्विटरने खातं अडकवलं, डिलन यांनी ट्वीट काढायला नकार दिला, आणि इलॉन मस्क यांनी कंपनी घेतल्यावर नोव्हेंबरमध्ये खातं परत सुरू झालं. खातं अडकवणं मला पटलं नाही. पण तो विनोदही पटला नाही. त्यात स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ कुठे होतं? एका व्यक्तीला लागेल असं बोलून आपल्या बाजूच्यांना हसवणं, एवढंच त्यात उरलं. धुराच्या यंत्राचा विनोद वाचून मी स्वतःला तपासलं होतं. हा वाचून कोणत्या ख्रिस्ती माणसाने स्वतःला तपासलं असेल?

तुमच्या ग्रुपवर काय करायचं ते सांगतो. पाठवणाऱ्याला सर्वांदेखत चुकीचं ठरवू नका, वेगळा फोन करा. मूळ पानाची लिंक पाठवा, म्हणजे वरचं नाव त्यांना स्वतःच दिसेल. आणि तुम्हाला स्वतःला वाचायचं असेल तर 2016-17 मधल्या, चर्चबद्दलच्या बातम्या शोधून वाचा. धुराच्या यंत्राची बातमी मी मावशीला मराठीत सांगितली होती. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "पुढच्या रविवारी माइकशिवाय गाऊन बघू या."