हाड ‘जोडलं’ की ‘जुळलं’?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आईंच्या कार्डावरच्या ‘डिस्टल फीमर फ्रॅक्चर’ला मराठीत काय म्हणायचं, आणि ‘हाड जोडलंय’ असं सांगणारे डॉक्टरच पाय टेकू नका असं का बजावतात?

पहिलं सोपं आहे: मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलंय. डिस्टल म्हणजे धडापासून लांबचं, मांडीच्या बाबतीत खालचं टोक. कोशातलं ‘ऊर्वस्थी’ मी बोलताना टाळतो. ऊरु म्हणजे मांडी हे खरं, पण ऐकणाऱ्याला ऊर आठवतो, आणि ‘उरोस्थी’ तर छातीचं हाड!

क्रियापद ‘मोडलं’च ठेवा. काडी मोडते, हाड मोडतं, दोरी तुटते. ‘हाड तुटलं’ला मला हिंदीचा वास येतो, पण आता ते रुळलंय. गुडघ्यातलं लिगामेंट मात्र तुटतं, ते दोरीच्याच जातीचं. हाडाचे बरेच तुकडे झाले की डॉक्टरही ‘चुरा झालाय’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे 12 प्रकार दिलेत, त्यांत ‘चूर्णित’ आहेच.

आता तुमचं ‘जोडलं’. जुनी माणसं इथे दोन वेगळी क्रियापदं वापरत. सरकलेले तुकडे जागेवर आणणं म्हणजे हाड बसवणं. या जागी ते नुसत्या प्लॅस्टरवर सहसा टिकत नाही, कारण पोटरीचा मोठा स्नायू मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकालाच मागून चिकटलेला असतो. तो सुटा तुकडा मागे ओढतो, आणि मागे लगेच पायाची मुख्य रक्तवाहिनी. म्हणून बाहेरच्या बाजूने प्लेट आणि स्क्रू, नाहीतर गुडघ्यातून वर सळई. (प्लेटला ‘पट्टी’ म्हणू नका, घरच्यांना कापडाची वाटेल.)

दुसरं क्रियापद ‘जुळणं’. ते अकर्मक आहे. हाड डॉक्टर बसवतात, जुळतं ते आपलं आपण, आणि त्याला महिने लागतात. ‘जोडलं’ या शब्दात बसवणं आणि जुळणं एकच होऊन जातं, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं काम झालं. आईंचं हाड बसलंय, अजून जुळलेलं नाही. तोवर चालल्या तर सगळा भार धातूवर येईल, आणि प्लेटही वाकते, मोडते.

‘पाय टेकू नका’ हेही पुन्हा विचारून घ्या. काहींना बोटं नुसती जमिनीला लावायची मुभा असते, मनाई असते ती भार देण्याची. गुडघा मात्र बहुधा लवकरच वाकवायला लावतात, नाहीतर तो आखडतो. आणि मांडी घालून बसता येईल का, हे वेगळं विचारा. खुर्चीत बसायला गुडघा काटकोनात वाकला की भागतं, मांडी घालायला त्याहून बराच जास्त वाकावा लागतो.