हात बघ

कॉव्हेंट्री, रविवार रात्र

पोरी,

तुझा तक्ता मिळाला. लोकांनी घरी बांधलेल्या दोन जुन्या गाड्या, किट कार म्हणतात त्या, त्यांतली कुठली घ्यायची यासाठी चौदा रकाने, प्रत्येक रकान्याला गुण आणि खाली बेरीज: लाल गाडी ८१, बिनरंगाची ७४. वर तुझा प्रश्न, "काका, आकडे लालकडे जातात, मन मात्र घुटमळतंय. माझं काही चुकतंय का?" चुकत नाहीये. तक्त्यात ज्याला रकानाच नाही त्याच्यापाशी मन घुटमळतंय. गाडी कुणाच्या हातची आहे?

कॉलेजच्या टीमबरोबर पुण्यात रात्री जागून तू सांगाडा वेल्ड केलास, कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर ती गाडी पळवलीस. तेव्हा हलक्या गाडीचं सुख तुला मी सांगायला नको. आणि बाबांची समजूत काढायचं काम माझ्या गळ्यात घालू नकोस. ते विचारतात, "घरात बांधलेल्या गाडीला पासिंग कोण देतं?" तिकडच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे कंपनीच्या गाडीत फेरफार केला तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. इथली, इंग्लंडातली गोष्ट वेगळी. १९५७ मध्ये लोटसच्या कॉलिन चॅपमनने 'सेव्हन' ही छोटी, उघडी गाडी काढली आणि सुट्या भागांत विकली, कारण तयार गाडीवर खरेदी-कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सवलत गेली, सेव्हनचे हक्कही त्याच साली केटरहॅम कंपनीकडे गेले. पण गॅरेजात गाडी बांधायचा नाद इथल्या माणसांना लागला तो लागलाच. फोर्डची जुनी एस्कॉर्ट नाहीतर सिएरा आणायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल काढायचं आणि इंचभर चौकोनी नळ्यांच्या सांगाड्यात बसवायचं. सगळं मिळून वजन सहाशे किलोच्या आसपास.

म्हणजे कारखाना एका माणसाचा, कामगार तोच, तपासनीसही तोच. मारुती घेताना आपण मॉडेल विचारतो, कारण तशा हजार निघालेल्या असतात. इथे मॉडेल विचारून काय कळणार? घरच्या लोणच्याला ब्रँड विचारतेस का? कुणाच्या हातचं, ते विचारतेस. एकाच कंपनीचं किट शेजारच्या दोन घरांत गेलं तरी दोन वेगळ्या गाड्या निघतात. म्हणून म्हणतो, हात बघ. ज्योतिषी बघतात तसा नाही. त्याने भूतकाळही कळत नाही.

कोल्हापूरला उद्यमनगरात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री जोडाची पुढची बाजू बघायचेच नाहीत. तुकडा उचलायचे, उलटा करायचे, मग बोलायचे. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते म्हणायचे. मला हे विशीत कळलं होतं, आणि तरी १९९४ मध्ये मी एक पिवळी गाडी घेतली. नुसती चकचकीत. पॉलिश बघून भुललो, उलटी करून बघायचं विसरलो. घरी आणताना ए-४६ वर पाऊस लागला आणि दोन्ही दिवे गेले. बांधणाऱ्याने अर्थिंगच्या तारा पावडर कोटिंगवरच, म्हणजे भाजून चढवलेल्या रंगावरच आवळल्या होत्या. नळीचा धातू खरवडून उघडा करायची पाच मिनिटं त्याने वाचवली होती. लॉगबुकात, म्हणजे इथल्या आरसी बुकात लिहिलं होतं, 'चार दारांची सलून'. गाडीला एकही दार नव्हतं! जुन्या सिएराचे कागद तसेच पुढे चालवले होते. विमेवाल्याने हात वर केले. शेवटी सुटे भाग करून विकली.

तेव्हा कागद आधी. लॉगबुकावरचा सांगाड्याचा नंबर आणि नळीवर ठोकलेला नंबर स्वतः जुळवून बघ, फोटोवर जाऊ नकोस. १९९८ च्या आधीच्या गाड्यांची बांधणी म्हणून वेगळी परीक्षा झालेलीच नसते. त्यानंतर एसव्हीए ही एकेका गाडीची परीक्षा आली आणि २००९ पासून तिच्या जागी आयव्हीए. त्यांचा कागद माग. क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर असेल तर घाबरू नकोस. वय किंवा ओळख कागदावर सिद्ध झाली नाही एवढाच त्याचा अर्थ, फक्त पुढे विकताना भाव कमी येतो. आणि परीक्षा पास म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. बाहेर आलेल्या कडांना अडीच मिलिमीटरची गोलाई लागते, म्हणून लोक परीक्षेपुरत्या बोल्टवर प्लास्टिकच्या टोप्या घालतात आणि घरी येऊन काढतात. परीक्षकाने बघितली ती गाडी आणि तू घेतेस ती गाडी एकच असेल असं नाही.

आता तुझी लाल. सातव्या फोटोत वायरिंगचा जुडगा ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून आरपार गेलाय आणि भोकाला रबरी ग्रॉमेट नाही. पत्र्याची कड रोज थोडी थोडी तार कापते. नवव्यात सस्पेन्शनच्या नायलॉक नटातून बोल्टचं टोक बाहेरच आलेलं नाही, दोन आटे तरी दिसायला हवेत. आतल्या नायलॉनच्या कड्यापर्यंत बोल्ट पोचला नाही, तर तो नट धरणार कशाने? लांब बोल्ट आणायला दुकानात जायचा कंटाळा, दुसरं काय. ज्याने हा कंटाळा तुला दिसेल अशा जागी केला, त्याने न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल? आणि तू त्या गाडीला अश्वशक्तीचे वीसपैकी वीस गुण दिलेस! बाइकचं इंजिन आहे, किंचाळतं सुंदर, कबूल. पण बाइक वळणावर झुकते, त्यामुळे तेल 'संप'च्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, तळाशी राहतं. गाडी झुकत नाही. तेल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं जातात. संपमध्ये आडपडदे घातलेत का, हे विकणाऱ्याला विचारलंस? नाही विचारलंस. तो तिसरा मालक, त्याला ठाऊकही नसेल. हात कुणाचा हे सांगणारं तिथे कुणीच उरलेलं नाही.

बिनरंगाच्या गाडीचे रिव्हेट मी भिंग लावून बघितले. ओळ सरळ, अंतर सारखं. ब्रेकच्या नळीला ठरावीक अंतरावर चिमटे. म्हातारा स्वतः बांधणारा आहे आणि दोन फायली पावत्या घेऊन बसलाय. तू 'रंग' या रकान्यात त्याला शून्य दिलंस. अगं, रंग नाही म्हणूनच तर सगळं दिसतंय!

तरीही आंधळेपणाने घेऊ नकोस. जुने कपडे घाल आणि गाडीखाली आडवी हो. उभ्याने बघणारे शोरूममध्ये जावेत. जिथे पत्रा नळीला चिकटतो तिथे बोटं फिरव. पावडर कोटिंगला एकदा चीर पडली की पाणी आत जातं आणि वरून छान दिसणारी नळी आतून कुजते. फुगवटा लागला तर नखाने उचलून बघ, मालक रागावला तर रागावू दे. विशबोनचे, म्हणजे चाक धरणाऱ्या तिकोनी दांड्यांचे ब्रॅकेट जिथे सांगाड्याला वेल्ड केलेत तिथे बॅटरी मारून केसाएवढी चीर शोध. टायरवरच्या चार अंकांत आठवडा आणि साल असतं. या गाड्या वर्षाला हजारभर मैलच चालतात, त्यामुळे नक्षी नवी आणि रबर बारा वर्षांचं असं नेहमी सापडतं. पोहोचल्या पोहोचल्या बॉनेटला हात लाव. गरम असेल तर कुणीतरी आधीच इंजिन चालू करून ठेवलंय. फोर्डचं पिंटो इंजिन आहे, त्याच्या कॅमशाफ्टवर तेल शिंपडणारी बारीक नळी तुंबते आणि कॅम झिजतो. ती टकटक थंड इंजिनावर ऐकायला हवी.

हे सगळं झालं की म्हाताऱ्याला एकच विचार, "बांधताना कुठे चुकलात?" चांगला हात असलेला माणूस या प्रश्नावर अर्धा तास बोलतो. कुठली नळी वाकडी कापली, काय पुन्हा केलं, कशाने अजून झोप लागत नाही. "काही चुकलं नाही" म्हणाला, तर चहा पिऊन परत ये.

हा प्रश्न मी इतक्या खात्रीने सांगतोय, कारण तो मला कुणी विचारला नाही. १९९५ ते २००१, सहा हिवाळे मी माझी गाडी बांधली. काकू तिला सवत म्हणायची. लेकाला सायकल शेजाऱ्याने शिकवली, मी तेव्हा गॅरेजात डिफरन्शिअल बसवत होतो. लेक अजूनही ते हसत हसत सांगतो आणि मीही हसतो. एसव्हीए दुसऱ्या फेरीत पास झाली. दहा वर्षं चालवली. शेवटच्या हिवाळ्यात डाव्या खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटशी मला एक चीर दिसली. घासली, पुन्हा वेल्ड केली, रंग मारला. वसंतात एक तरुण आला, आवाज ऐकून वेडा झाला, उभ्यानेच पैसे मोजले. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जोड पक्का होता. आजही सांगतो, पक्का होता, मिस्त्रींनी उलटा करून बघितला असता तरी पास केला असता. सांगितलं असतं तर तो उगाच घाबरला असता, आणि दुसऱ्या कुणीतरी इतकं घासून वेल्ड केलं असतं का?

असो. गाडीचा नंबर टाकला की इथे कुठल्याही गाडीचा एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. तू दोन्ही गाड्यांचा काढ, सल्ल्याच्या नोंदी सालवार वाच, मैल जुळतात का बघ. मी दर एप्रिलमध्ये माझ्या जुन्या नंबराचा काढतो. या वर्षी पास आहे, चारशे मैल वाढलेत, सस्पेन्शनबद्दल एक अक्षर नाही. काकू विचारते कसलं एवढं वाचताय, मी म्हणतो बिलं.

शनिवारी नऊला तुझ्याकडे येतो. बॅटरी आणि गुडघ्याखाली घालायची गादी मी आणतो. तक्ता आणू नकोस.

तुझा,
काका

ता. क. म्हाताऱ्याला फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका म्हणावं.