घरी बनवलेल्या ई-सायकल कंट्रोलरचे मॉस्फेट चढावरच का जळतात?

तुम्ही विचारले आहे की, ४८ व्होल्टच्या ई-सायकलसाठी स्वतः तयार केलेला कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला सोडणारा बोर्ड) टेबलावर आणि सपाट रस्त्यावर नीट चालतो, पण चढ लागला की मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळतात, तर जास्त अ‍ॅम्पिअरचे मॉस्फेट लावावेत का. माझे उत्तर नाही असे आहे. आधी करंट कुठे आणि कोणत्या क्षणी मोजता ते तपासा, आणि मग बोर्डाची मांडणी बदला.

मी साताऱ्यात राहतो. माझे पहिले दोन्ही बोर्ड समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना जळाले, आणि दोन्ही वेळा बॅटरीच्या तारेवरचा मीटर जेमतेम १० अ‍ॅम्पिअर दाखवत होता. मोटर २५० वॉटचीच आहे, कारण नोंदणीविना चालवायच्या ई-सायकलला २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा आहे. एवढ्याशा मोटरने एवढे मजबूत मॉस्फेट कसे जळाले, हे मला बरेच दिवस उलगडले नव्हते.

बॅटरीतून निघणारा करंट आणि मोटरच्या तारांतून फिरणारा करंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढावर चाक हळू फिरते, त्यामुळे कंट्रोलर मोटरला पूर्ण व्होल्टेज न देता, समजा, एक तृतीयांश वेळच जोडतो. अशा वेळी बॅटरीकडून सरासरी १० अ‍ॅम्पिअर येत असले तरी मोटरच्या गुंडाळ्यांतून जवळपास ३० अ‍ॅम्पिअर वाहत असतात. मोटरच्या प्रत्येक तारेला, म्हणजे फेजला, दोन मॉस्फेट असतात: वरचा तिला बॅटरीच्या धन टोकाशी जोडतो, खालचा ऋण टोकाशी. उरलेल्या दोन तृतीयांश वेळात वरचा मॉस्फेट बंद असतो, पण मोटरमधला करंट थांबत नाही, तो त्याच फेजच्या खालच्या मॉस्फेटमधील अंगभूत डायोडमधून वाट काढतो. डायोडवर सुमारे ०.९ व्होल्ट पडतात, म्हणजे ३० अ‍ॅम्पिअरला २७ वॉट, आणि वेळेचा हिशेब धरला तरी एकाच मॉस्फेटमध्ये १८ वॉट उष्णता. त्याच वेळात खालचा मॉस्फेट चालू केला, तर आयआरएफबी ४११० सारख्या ४.५ मिलिओहमच्या मॉस्फेटमध्ये हीच उष्णता ३ वॉटच्याही आत येते. तापल्यावर त्याचा रोध वाढतो, तरी फरक मोठाच राहतो. मात्र वरचा बंद होणे आणि खालचा चालू होणे यांत थोडा मृतकाळ, म्हणजे दोन्ही बंद असलेला क्षण, ठेवणे अत्यावश्यक आहे. आयआर २११० हा ड्रायव्हर (मॉस्फेटची उघडझाप करणारी चिप) तो स्वतः ठेवत नाही, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये १ मायक्रोसेकंद ठेवतो.

आता करंट मोजण्याविषयी. खालच्या तीन मॉस्फेटच्या सामाईक वाटेत १ मिलिओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा रोधक, असतो, आणि त्यावरचा सिग्नल आपण गोंगाट कमी करायला भल्या मोठ्या फिल्टरमधून नेतो. त्या फिल्टरमुळे सरासरी, म्हणजे बॅटरीचाच करंट दिसतो, आणि मर्यादा १५ अ‍ॅम्पिअरला लावली असली तरी मॉस्फेट ४५ सोसत राहतात. फिल्टर लहान करून, प्रत्येक पल्सच्या चालू काळाच्या बरोबर मध्यावर नमुना घेतला की मोटरचा खरा करंट हाती येतो. माझ्या तिसऱ्या बोर्डात हा बदल केला आणि तो घाट चढला.

मोठे मॉस्फेट का नकोत, याचे कारण बोर्डात आहे. १३ सेलचे पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट देते. कपॅसिटरपासून वरचा मॉस्फेट, खालचा मॉस्फेट आणि परत कपॅसिटर हे वेटोळे लांबलचक असेल, तर त्यात १०० नॅनोहेन्री इंडक्टन्स (करंटमधील बदलाला होणारा विरोध) सहज भरतो. ३० अ‍ॅम्पिअर ५० नॅनोसेकंदांत तोडले की त्यावर ६० व्होल्टचा उसळा येतो, आणि १०० व्होल्टचा मॉस्फेटही अपुरा पडतो. वेटोळे २० नॅनोहेन्रीवर आणले तर तोच उसळा १२ व्होल्टचा होतो. यासाठी प्रत्येक फेजच्या दोन मॉस्फेटच्या पायांशी अगदी खेटून १०० व्होल्टचा एक सिरॅमिक कपॅसिटर लावा. मोठा इलेक्ट्रोलिटिक थोडा दूर असला तरी चालतो, पण तो ६३ व्होल्टचा घेऊ नका. मोठ्या मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, भरायला जास्त चार्ज लागतो, ड्रायव्हर तोच राहिला तर तो संथ उघडझाप करतो आणि उष्णता उलट वाढते.

फेरिक क्लोराइडमध्ये घरी कोरलेल्या पीसीबीवर तांबे ३५ मायक्रॉनचे असते. १० मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध ५ मिलिओहम भरतो, म्हणजे मॉस्फेटइतकाच. नुसते सोल्डर ओतून फारसे भागत नाही. घरातल्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सोलून पट्टीवर झाळा.

पहिल्यांदा वीज देताना बॅटरीच्या तारेत ट्रकचे २४ व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक जोडा. वरचा आणि खालचा मॉस्फेट चुकून एकत्र चालू झाले, तर बल्ब पेटतील, बोर्ड वाचेल.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात जिवाला धोका आहे. थ्रॉटलमधील (वेग वाढवायच्या मुठीतील) हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारा सेन्सर, साधारण ०.८ ते ४.२ व्होल्ट देतो. त्याची काळी, म्हणजे ग्राउंडची, तार तुटली, तर सिग्नल ५ व्होल्टकडे जातो आणि साधा प्रोग्रॅम त्याला पूर्ण थ्रॉटल समजतो. ४.५ व्होल्टच्या वर काहीही आले की मोटर बंद करा, आणि सिग्नलची तार निसटली तर तो शून्यावर यावा म्हणून बोर्डावर त्या तारेपासून ग्राउंडला एक रोधक द्या. प्रत्येक नव्या बोर्डावर मी चाक अधांतरी ठेवून थ्रॉटलच्या तिन्ही तारा चालू स्थितीत एकेक करून उपटतो, आणि तिन्ही वेळा चाक थांबले तरच सायकल रस्त्यावर नेतो.